एक भाऊ इंग्लंडात, एक खानापुरात: रक्ताच्या अहवालातील ‘नॉर्मल’ नेमके कोणाचे?

खानापूर तालुक्यातील एका निवृत्त शिक्षकांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांचे वय ६१, उंची १६५ सेंटिमीटर, वजन ६२ किलो आणि कमरेचा घेर ९४ सेंटिमीटर. बेळगावातील प्रयोगशाळेच्या अहवालात त्यांचे एकूण कोलेस्टेरॉल १९८, एचडीएल (‘चांगले’ कोलेस्टेरॉल) ३५, ट्रायग्लिसराइड (रक्तातील चरबी) २२०, हिशेबाने काढलेले एलडीएल (‘वाईट’ कोलेस्टेरॉल) ११९, क्रिएटिनिन ०.८, बी-१२ जीवनसत्त्व १४० आणि एचबीएवनसी, म्हणजे लोक ज्याला ‘तीन महिन्यांची साखर’ म्हणतात ती, ५.९ आली आहे. त्यांच्या पत्नीचे वय ५१. त्यांचे एचबीएवनसी ६.३ आणि हिमोग्लोबिन ९.४ आहे. धाकटे बंधू इंग्लंडात स्थायिक आहेत. तेथील आरोग्य तपासणीत त्यांना वांशिक गट विचारून ‘भारतीय’ अशी नोंद करण्यात आली, आणि त्यानंतर निघालेला हृदयविकाराचा धोका त्याच वयाच्या व त्याच आकड्यांच्या गोऱ्या माणसापेक्षा अधिक दाखवण्यात आला. बंधूंचे म्हणणे असे की ‘आपले रक्तच वेगळे’, म्हणून बेळगावच्या अहवालावर छापलेली नॉर्मल रेंज आपल्या उपयोगाची नाही. हे खरे आहे का, कोणता तक्ता मानावा, आणि पत्नीला मधुमेहाची सुरुवात झाली आहे असे समजावे का, असे त्यांचे तीन प्रश्न आहेत.

रक्तातील काही घटकांची सरासरी पातळी मानवसमूहांमध्ये वेगळी असते, ही गोष्ट निर्विवाद आहे. परंतु या फरकांची कारणे एकाच जातीची नाहीत. काही फरक जनुकांतून येतात, काही शरीराच्या घडणीतून, काही आहार, तंबाखू व रक्तक्षय यांतून, आणि काही तर मोजण्याच्या पद्धतीतून. ‘आपले रक्त वेगळे’ असे एकदा म्हटले की ही सारी कारणे एकाच गाठोड्यात बांधली जातात, आणि मग ज्यावर उपाय आहे तेही नशिबाच्या खात्यात जाते. म्हणून मी प्रत्येक आकड्यापुढे, तो शरीरात कसा घडतो आणि त्या घडण्यात समूहाचा वाटा कोठे येतो, हा प्रश्न ठेवतो.

भावाभावांच्या तुलनेचा विषय निघालाच आहे, तर एका जुन्या अभ्यासाचा उल्लेख येथे अगदी चपखल बसतो. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात पश्चिम लंडनमध्ये राहणारे पंजाबी स्थलांतरित आणि पंजाबातच राहिलेली त्यांची सख्खी भावंडे यांच्या तपासण्या समोरासमोर ठेवल्या गेल्या. लंडनकर भावंडांचे वजन, रक्तदाब, कोलेस्टेरॉल आणि उपाशीपोटीची साखर अधिक होती. गावी राहिलेल्यांची कमी. मात्र लिपोप्रोटीन-ए या, कोलेस्टेरॉल वाहणाऱ्या एका कणाची पातळी दोन्हीकडे जवळपास सारखी होती, आणि ती तेथील गोऱ्या लोकांपेक्षा जास्त होती. एकाच आईबापाच्या लेकरांमध्ये काय बदलले आणि काय बदलले नाही, हे त्यातून स्वच्छ दिसते. साखर, वजन आणि कोलेस्टेरॉल राहणीबरोबर हलले. लिपोप्रोटीन-ए जागचे हलले नाही. गेल्या तीस वर्षांत आपल्या गावांची राहणी इतकी पालटली आहे की खानापूर आणि लंडन यांतील ते जुने अंतर आता तसे राहिलेले नाही, ही गोष्ट वेगळी.

प्रथम पत्नीच्या अहवालाकडे वळतो, कारण तीनही प्रश्नांत तोच अधिक निकडीचा आहे. एचबीएवनसी म्हणजे तांबड्या पेशींतील हिमोग्लोबिनला चिकटलेल्या साखरेचे प्रमाण. तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते आणि तितके दिवस तिच्यावर साखर चढत राहते; त्यामुळे हा आकडा दोन गोष्टींवर ठरतो, रक्तात साखर किती होती यावर आणि पेशी किती दिवस फिरत होती यावर. लोहाची कमतरता असली की नव्या पेशी कमी तयार होतात, रक्तात जुन्या पेशींचा वाटा वाढतो आणि साखर प्रत्यक्षात न वाढताही एचबीएवनसी वर सरकते. उलट ताजा रक्तस्राव झाला असेल, लोहाचे उपचार नुकतेच सुरू झाले असतील किंवा पेशी लवकर फुटण्याचा आजार असेल, तर नव्या पेशी अधिक असल्यामुळे तो खाली येतो. हिमोग्लोबिन ९.४ असलेल्या स्त्रीचे ६.३ हे एचबीएवनसी मधुमेहपूर्व अवस्थेच्या ५.७ ते ६.४ या पट्ट्यात बसते हे खरे, पण त्यातील किती भाग साखरेचा आणि किती रक्तक्षयाचा, हे त्या एका आकड्यावरून सांगता येत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातील १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला होता. म्हणजे जी चाचणी आपण सर्रास लिहून देतो, ती आपल्याकडील निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या बाबतीत हिमोग्लोबिन पाहिल्याखेरीज वाचता येत नाही. तरीही दोन्ही चाचण्या एकाच कागदावर असताना त्या एकत्र वाचल्या जात नाहीत, असे मला वारंवार दिसते.

याच चाचणीवरून अमेरिकेत वंशाचा वाद बराच रंगला आहे. मधुमेह टाळण्यासंबंधीच्या तेथील एका मोठ्या चाचणीत, साखर पचवण्याची क्षमता सारखीच बिघडलेल्या लोकांमध्ये गोऱ्यांचे सरासरी एचबीएवनसी सुमारे ५.८ तर कृष्णवर्णीयांचे सुमारे ६.२ निघाले. पुढे २०१७ मध्ये टाइप-१ मधुमेहाच्या रुग्णांना साखर सतत मोजणारी यंत्रे लावून पाहिले, तेव्हाही सरासरी साखर सारखी असताना कृष्णवर्णीयांचा आकडा सुमारे ०.४ ने अधिक आला. फ्रुक्टोसामीन आणि साखर चिकटलेले अल्ब्युमिन या, तांबड्या पेशींऐवजी रक्तद्रवातील प्रथिनांवर चढलेली साखर दाखवणाऱ्या दोन घटकांत मात्र तसा फरक दिसला नाही. म्हणजे फरक तांबड्या पेशीत असावा. परंतु दुसऱ्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात हेच दोन घटकही कृष्णवर्णीयांमध्ये अधिक आढळले होते, आणि त्याचा अर्थ साखरच काही अंशी खरोखर जास्त होती असा होतो. त्यात आणखी एक गुंतागुंत आहे. सिकलसेलचे एकच जनुक बाळगणाऱ्यांमध्ये आणि जी-६-पीडी या विकराची कमतरता असणाऱ्यांमध्ये एचबीएवनसी खरे असावे त्यापेक्षा कमी दिसते, आणि ही दोन्ही जनुके आफ्रिकी वंशाच्या लोकांत अधिक आढळतात. एकाच समूहात काहींचा आकडा वर ढकलला जातो आणि काहींचा खाली. अशा वेळी ‘कृष्णवर्णीयांसाठी इतके वजा करा’ असा सरसकट नियम केला, तर तो नेमक्या त्याच माणसांना फसवेल ज्यांचा मधुमेह आधीच लपलेला आहे. कोणत्याही प्रमुख संस्थेने वंशानुसार वेगळी एचबीएवनसी मर्यादा स्वीकारलेली नाही, आणि माझ्या मते ते योग्य झाले.

आपल्याकडे लोहाची कमतरता हा सर्वांत मोठा घोळ आहे, पण एकमेव नाही. बीटा थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तविकाराचे एक जनुक बाळगणारी, स्वतः निरोगी असणारी माणसे भारतात साधारण शंभरात तीन ते चार सापडतात. सिंधी, लोहाणा, पंजाबी अशा काही समाजांत हे प्रमाण बरेच अधिक आहे. लोहाच्या गोळ्या महिनोन्महिने घेऊनही हिमोग्लोबिन हलत नाही आणि पेशी मात्र आकाराने फार लहान असतात, तेव्हा ही शंका घ्यावी. विदर्भापासून मध्य भारतापर्यंतच्या आदिवासी पट्ट्यातून आलेल्या कामगारांच्या बाबतीत सिकलसेलचीही.

आता ‘कोणता तक्ता मानावा’ हा प्रश्न. येथे एक भेद समजून घेणे फार आवश्यक आहे, कारण अहवालावर दोन अगदी निराळ्या प्रकारच्या मर्यादा एकाच रकान्यात, एकाच अक्षरात छापलेल्या असतात. पहिल्या प्रकारात निरोगी माणसांचा एक गट घेऊन त्यांच्यातील मधल्या ९५ टक्के लोकांचे आकडे ज्या पट्ट्यात पडतात तो पट्टा ‘नॉर्मल’ म्हणून देतात. पांढऱ्या पेशी, क्रिएटिनिन, यकृताची एन्झाइम्स ही या प्रकारची उदाहरणे. व्याख्येनुसारच वीसातला एक निरोगी माणूस या पट्ट्याबाहेर पडतो, आणि तो गट कोणत्या लोकांचा होता यावर पट्टा अवलंबून असतो. अनेक प्रयोगशाळा किटच्या कंपनीने दिलेला पट्टाच छापतात, आणि तो गट बहुधा आपल्या लोकांचा नसतो. दुसऱ्या प्रकारात मर्यादा निरोगी लोकांच्या सरासरीवरून नव्हे, तर पुढे होणाऱ्या नुकसानीवरून ठरवलेली असते. एचबीएवनसी ६.५, उपाशीपोटीची साखर १२६, एलडीएलची उद्दिष्टे ही सारी या प्रकारची आहेत. आपल्या समाजात सर्वांचेच एचडीएल कमी असले म्हणून कमी एचडीएल निरोगी ठरत नाही. तेव्हा बंधूंचे म्हणणे पहिल्या प्रकाराच्या बाबतीत काही अंशी बरोबर आणि दुसऱ्या प्रकाराच्या बाबतीत धोकादायक आहे.

पहिल्या प्रकाराचे सर्वांत बोलके उदाहरण आपल्या शेजारीच आहे. खानापूरचे जंगल आणि त्याला लागून असलेले उत्तर कन्नडमधील हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड हे तालुके येथे सिद्दी समाजाची वस्ती आहे. त्यांच्या पूर्वजांचा अर्ध्याहून अधिक वारसा आफ्रिकेतून आलेला आहे, हे २०११ मधील जनुकीय अभ्यासांनी दाखवले. आफ्रिकी वारशाच्या अनेक लोकांमध्ये तांबड्या पेशींवर डफी नावाचे प्रथिन नसते. व्हायव्हॅक्स मलेरियापासून त्यामुळे संरक्षण मिळते, आणि त्याच बदलामुळे रक्तात फिरणाऱ्या न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींची मोजलेली संख्या कमी भरते, प्रतिकारशक्ती मात्र शाबूत असते. अशा माणसाच्या न्यूट्रोफिल १५०० च्या खाली आल्या की तरुण डॉक्टर घाबरतो, अस्थिमज्जा तपासायला पाठवतो किंवा औषध थांबवतो. क्लोझापीन या मनोविकारावरील औषधासाठी अमेरिकेने २०१५ मध्ये अशा लोकांसाठी वेगळी, खालची मर्यादा मान्य केली. येथे वेगळा पट्टा हवाच. पण तोही ‘सिद्दी’ किंवा ‘कृष्णवर्णीय’ या शिक्क्यावर नव्हे, तर रक्तगटाच्या विस्तृत तपासणीत कळू शकणाऱ्या डफीच्या नोंदीवर बेतलेला असावा, कारण कित्येक पिढ्यांच्या मिश्रणानंतर कोणात ते प्रथिन आहे आणि कोणात नाही, हे चेहऱ्यावरून ओळखता येत नाही.

शिक्का वापरून सूत्र केले की काय होते, याचा धडा मूत्रपिंडाच्या गणितात मिळतो. क्रिएटिनिनवरून मूत्रपिंडाची गाळण्याची क्षमता काढणारी सूत्रे अमेरिकेत १९९९ आणि २००९ मध्ये आली, आणि दोन्हींत कृष्णवर्णीय व्यक्तीचा निकाल एका गुणकाने वाढवला जाई. २००९ च्या सूत्रात तो १.१५९ होता. कृष्णवर्णीयांच्या शरीरात स्नायू अधिक असतात, असे त्याचे एक समर्थन दिले जाई. परिणाम असा झाला की तोच क्रिएटिनिन असलेल्या कृष्णवर्णीय रुग्णाचे मूत्रपिंड कागदावर सुमारे १६ टक्क्यांनी चांगले दिसे, आणि प्रत्यारोपणाच्या यादीत त्याचे नाव उशिरा लागे. २०२१ मध्ये वंशाचा गुणक काढून टाकलेले नवे सूत्र आले, आणि पुढे तेथील प्रत्यारोपण व्यवस्थेने अशा रुग्णांचा प्रतीक्षाकाळ मागे नेऊन दुरुस्त करण्याचा नियम केला.

आपल्या बाबतीत चूक नेमकी उलट्या कारणाने होते. क्रिएटिनिन स्नायूंतून येते, आणि शिजवलेल्या मांसातूनही. सडपातळ, शाकाहारी किंवा सणावारीच मटण खाणाऱ्या माणसाचे क्रिएटिनिन मुळातच कमी असते, त्यामुळे सूत्र त्याची क्षमता वास्तवाहून चांगली दाखवते. प्रश्नकर्त्यांच्या ०.८ क्रिएटिनिनवरून नवे सूत्र गाळण्याची क्षमता १०० च्या आसपास काढते. ती खरोखर तितकी असेलही. पण समजा बंधूंचे क्रिएटिनिन १.१ निघाले आणि आपले ०.८ आहे, म्हणून आपले मूत्रपिंड अधिक बळकट, असा निष्कर्ष मात्र काढू नये. लघवीतील अल्ब्युमिन आणि क्रिएटिनिन यांचे गुणोत्तर ही स्वस्त तपासणी येथे अधिक कामाची आहे, आणि शंका उरली तर सिस्टॅटिन-सी, जे स्नायूंवर फारसे अवलंबून नसते.

आता हृदयविकाराकडे. बंधूंचा धोका ज्या सूत्राने काढला गेला असावा ते २०१७ मधील ब्रिटिश सूत्र तेथील लाखो रुग्णांच्या नोंदींवर उभे आहे, आणि त्यात भारतीय, पाकिस्तानी, बांगलादेशी, आफ्रिकी असे निरनिराळे गट आहेत. भारतीयांचा धोका गोऱ्यांपेक्षा अधिक आणि पाकिस्तानी वंशाच्या लोकांचा त्याहूनही अधिक धरला जातो. शेजारच्या दोन देशांच्या लोकांत इतका फरक निघतो, यावरूनच हे प्रकरण निव्वळ जनुकांचे नाही हे दिसते. ते सूत्र इंग्लंडात राहणाऱ्यांसाठी आहे. खानापुरात बसून ते वापरू नये. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये जगाचे २१ विभाग करून धोक्याचे तक्ते काढले, त्यांतील दक्षिण आशियाचा तक्ता आपल्याला अधिक जवळचा. अमेरिकी हृदयरोग संस्थांच्या २०१८ च्या मार्गदर्शनातही दक्षिण आशियाई वंश हा धोका वाढवणारा घटक म्हणून नोंदलेला आहे, पण ती गोष्ट तोलताना एका बाजूला ठेवायचे वजन म्हणून, आकडा बदलण्यासाठी नव्हे.

हा अधिकचा धोका कोठून येतो, याचे उत्तर बऱ्याच अंशी आपल्या महाराष्ट्रातच शोधले गेले आहे. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये स्वतःचेच फोटो आणि आकडे छापले. दोघांचा शरीरभार निर्देशांक २२.३, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. वजनकाट्याला जे दिसत नाही ते पोटात आणि यकृतात साठलेले असते. याज्ञिकांच्या गटाने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील गरोदर स्त्रिया आणि त्यांची बाळे यांचा मागोवा घेतला, तेव्हा असे दिसले की तेथील बाळे सरासरी २.७ किलोची, तर इंग्लंडातील साउदॅम्प्टनची ३.५ किलोची, तरीही कमी वजनाच्या या बाळांच्या त्वचेखालची चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती, कमी होते ते स्नायू आणि अवयव. आईच्या पोटात असतानाच शरीराची घडण ठरू लागते, आणि पुढे खाणे वाढले व श्रम घटले की त्या घडणीवर साखर आणि ट्रायग्लिसराइड चढतात. याला जनुकीय वंश म्हणण्यापेक्षा आईच्या, आजीच्या पोषणाचा वारसा म्हणणे मला अधिक बरोबर वाटते.

प्रश्नकर्त्यांचा शरीरभार निर्देशांक २२.८ आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००४ मध्ये आशियाई लोकांसाठी सावधगिरीची पातळी २५ ऐवजी २३ सुचवली आणि भारतीय तज्ज्ञांनी २००९ मध्ये २३ ला अतिवजन व २५ ला लठ्ठपणा ठरवला. त्या मापानेही ते बचावतात. मात्र कमरेचा घेर ९४ आहे, आणि भारतीय पुरुषासाठी मर्यादा ९० ची आहे. एचडीएल ३५ आणि ट्रायग्लिसराइड २२० ही जोडी त्याच पोटाची साक्ष देते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) इंडियाब या मधुमेहविषयक देशव्यापी पाहणीत, २०१४ च्या निष्कर्षांनुसार, तपासलेल्यांपैकी ७२ टक्क्यांहून अधिक लोकांचे एचडीएल कमी होते, तर एकूण कोलेस्टेरॉल वाढलेले सुमारे १४ टक्केच. आपला दोष एलडीएलच्या आकड्यात कमी आणि या जोडीत जास्त दिसतो, म्हणून ‘एलडीएल ११९, लाल खूण नाही’ यावर समाधान मानू नये. एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा करावे. येथे ते १६३ येते, आणि मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या माणसासाठी १३० च्या आत असलेले बरे. ट्रायग्लिसराइड वाढलेले असताना एलडीएलचे कण लहान आणि संख्येने अधिक असतात, त्यामुळे वजनाने मोजलेले एलडीएल खरा भार कमी दाखवते. जमल्यास अपोलिपोप्रोटीन-बी करावे, कारण ते कणांची संख्याच सांगते.

आफ्रिकी वारशाच्या लोकांचे चित्र याच्या उलट आहे: त्यांच्यात इन्शुलिनचा प्रभाव कमी झालेला असतानाही ट्रायग्लिसराइड कमी आणि एचडीएल चांगले असते. म्हणून ‘ट्रायग्लिसराइड नॉर्मल, तेव्हा काळजी नाही’ हा आपल्याकडे पुष्कळदा चालणारा अंदाज त्यांच्याबाबत फसतो.

आणि तरीही वंशाच्या युक्तिवादाला मोठा छेद आपल्या सीमेवरच मिळतो. इंडियाबच्या २०२३ मधील अहवालात देशातील मधुमेहाचे प्रमाण ११.४ टक्के दिले आहे. राज्यांत सर्वाधिक गोवा, २६.४ टक्के, आणि सर्वांत कमी उत्तर प्रदेश, ४.८ टक्के. चोर्ल्याचा घाट उतरला की गोवा. घाटाच्या दोन्ही बाजूंची माणसे एकमेकांच्या नात्यातली, आडनावे सारखी, देव सारखे. ‘भारतीय’ या एकाच रकान्यात पाचपट फरक मावत असेल, तर त्या रकान्यावर किती विसंबावे हे उघड आहे. अमेरिकी जनुकशास्त्रज्ञ रिचर्ड लेवोंटिन यांनी १९७२ मध्येच दाखवले होते की माणसांतील जनुकीय विविधतेचा सुमारे ८५ टक्के भाग समूहांच्या आतच असतो, समूहासमूहांमध्ये नव्हे.

लिपोप्रोटीन-ए हा मात्र खरोखरच जन्मजात घटक आहे. त्याची पातळी प्रामुख्याने एकाच जनुकाने ठरते, आहाराने वा व्यायामाने ती फारशी हलत नाही, आणि आयुष्यात एकदा मोजली तरी बहुधा पुरते. ब्रिटनमधील बायोबँकेच्या, म्हणजे लाखो लोकांच्या आरोग्यमाहितीच्या संग्रहाच्या, नोंदींत तिचा मध्यांक लिटरमागे नॅनोमोलमध्ये गोऱ्यांत १९, चिनी वंशाच्या लोकांत १६, दक्षिण आशियाईंमध्ये ३१ आणि कृष्णवर्णीयांत ७५ होता. सरासरीत इतका फरक असूनही प्रत्येक समूहात अगदी कमी आणि अगदी जास्त पातळीची माणसे सापडतात, म्हणून ती मोजल्याशिवाय कळत नाही. १२५ नॅनोमोल किंवा ५० मिलिग्रॅमच्या वर असेल तर धोका अधिक मानावा. ही दोन एकके एकमेकांत सरळ गुणाकाराने बदलता येत नाहीत, अहवालावर कोणते आहे ते पाहावे. ती कमी करणाऱ्या खास औषधांच्या चाचण्या चालू आहेत. तोवर जास्त निघाली तर एलडीएल, रक्तदाब आणि तंबाखू यांवर अधिक कडक राहणे हाच उपाय.

दाहाचे मापक असलेले सीआरपी मी थोडक्यात आटोपतो. अमेरिकेतील स्त्रियांच्या एका मोठ्या अभ्यासात ते कृष्णवर्णीयांत सर्वाधिक आणि आशियाईंमध्ये सर्वांत कमी निघाले. इंग्लंडातील दक्षिण आशियाईंमध्ये मात्र ते गोऱ्यांहून जास्त आले, आणि तो फरक मुख्यतः पोटाच्या चरबीशी जोडलेला होता. चिनी आणि भारतीय एकाच ‘आशियाई’ रकान्यात घातल्याने किती गोंधळ होतो, त्याचा हा नमुना. निपाणीच्या तंबाखूपट्ट्यात आणि विडी कामगारांच्या वस्त्यांत काम केलेल्या कोणालाही दिसेल की येथे सीआरपी आणि पांढऱ्या पेशी वाढवणारी, एचडीएल घटवणारी गोष्ट वंश नसून विडी आहे. शिवाय हिरड्यांचा आजार, जुना खोकला हेही त्यात भर घालतात. सर्दी-तापाच्या दिवसांत केलेले सीआरपी हृदयासाठी वाचूच नये.

ड जीवनसत्त्वाबाबतही एक सावधगिरीची गोष्ट आहे. कृष्णवर्णीय अमेरिकनांत ते कमी आढळते, पण त्यांची हाडे अधिक घन असतात. २०१३ मध्ये एका अभ्यासाने याचे कारण, ते वाहून नेणारे प्रथिनच त्यांच्यात कमी असते, असे दिले. पुढे दुसऱ्या पद्धतीने मोजल्यावर प्रथिनातील तो फरक नाहीसा झाला. पहिल्या चाचणीतील प्रतिपिंड त्या प्रथिनाचा एक जनुकीय प्रकार नीट पकडतच नव्हते. वंशाचा वाटलेला फरक किटचा निघाला.

बी-१२ विषयी मात्र काथ्याकूट नको. पुण्यातील मध्यमवयीन पुरुषांच्या एका पाहणीत सुमारे दोन-तृतीयांश लोकांत ते कमी होते, आणि त्यामुळे हृदयविकाराशी जोडले जाणारे होमोसिस्टीन हे रक्तातील द्रव्य वाढलेले होते. इतक्यांत कमी आढळते म्हणून ‘आपल्या लोकांचे तेवढेच असते’ असे म्हणणारे भेटतात. १४० हे कमीच आहे, ते भरून काढावे. मज्जातंतू आणि रक्तासाठी ते आवश्यक आहे. होमोसिस्टीन उतरवल्याने हृदयविकार टळतो ही आशा मात्र २००६ मधील मोठ्या चाचण्यांनी फोल ठरवली, म्हणून त्यासाठी महागड्या गोळ्यांची पाकिटे घेऊ नयेत. पुढे मधुमेहावरील मेटफॉर्मिन सुरू झाल्यास बी-१२ पुन्हा तपासावे, कारण ते औषध त्याचे शोषण कमी करते.

तेव्हा प्रश्नकर्त्यांनी स्वतःसाठी करावयाचे ते असे: बी-१२ चे उपचार, लिपोप्रोटीन-ए एकदा, लघवीतील अल्ब्युमिन, दोन-तीन वेगवेगळ्या दिवशी मोजलेला रक्तदाब, आणि हे सारे हाती घेऊन कोलेस्टेरॉलच्या गोळीबद्दल आपल्या डॉक्टरांशी बोलणे. रोसुवास्टॅटिन ठरल्यास ते लहान मात्रेपासून सुरू करावे. आशियाई वंशाच्या लोकांच्या रक्तात त्याची पातळी जवळपास दुप्पट होते, आणि येथे वंशाची नोंद खरोखर उपयोगी पडते. भाताचे ताट निम्मे करून त्या जागी उसळ आणि भाजी घ्यावी, चहातील साखर किंवा गूळ यांत काही भेद मानू नये, आणि कंबर ९० च्या आत आणण्याचे लक्ष्य ठेवावे. इंग्लंडातील बंधूंनीही लिपोप्रोटीन-ए करून घ्यावे. दोघा भावांपैकी एकाचे जास्त निघाले तर दुसऱ्याचेही तपासायलाच हवे.

पत्नीला मधुमेहाची सुरुवात झाली असे आज मानू नये, आणि झाली नाही असेही नाही. फेरिटिन, म्हणजे शरीरातील लोहाचा साठा, पाहून लोहाचे उपचार सुरू करावेत. पाळीत जास्त रक्त जात असेल तर या वयात स्त्रीरोगतज्ज्ञांची तपासणी पुढे ढकलू नये. एचबीएवनसी लोह भरून निघाल्यावर, तीन-चार महिन्यांनी पुन्हा करावे. पण तोवर थांबण्याची गरज नाही, कारण रक्तक्षयाने न बिघडणारी चाचणी उपलब्ध आहे: उपाशीपोटी रक्त घेऊन ७५ ग्रॅम ग्लुकोज पिण्यास द्यायचे आणि दोन तासांनी पुन्हा रक्त घ्यायचे. दोन तासांची साखर १४० च्या आत असेल तर उत्तम, १४० ते १९९ असेल तर मधुमेहपूर्व अवस्था, २०० किंवा अधिक आल्यास मधुमेह, मात्र दुसऱ्या दिवशीच्या तपासणीने खात्री करून. आधीचे तीन दिवस नेहमीसारखे जेवावे, चाचणी चांगली यावी म्हणून भात-भाकरी सोडू नये, कारण त्याने निकाल उलट वाईट येतो. रात्रीच्या जेवणानंतर किमान आठ तास पाण्याखेरीज काही घेऊ नये, दोन तास प्रयोगशाळेतच बसून राहावे, आणि मशेरी लावण्याची सवय असेल तर त्या सकाळी दुसरे रक्त घेईपर्यंत ती लावू नये.